चौदा माणसं, दोन होड्या

गेले दोन महिने आमच्या घरात एकाच विषयावर वाद चालू आहे. विषय तसा सुखाचा आहे. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. दरवर्षी ईदला आम्ही भावंडं मुंबईहून गावी जमतो आणि दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, सगळी मिळून कुठेतरी बाहेर पडतो. यंदा भाईजाननी कुवेतहून फर्मान काढलं, "दुसऱ्याच्या गाड्या आणि दुसऱ्याची बाग पुरे झाली. आता आपली स्वतःची होडी घ्यायची. पैसे मी घालतो, तू बघून ठेव."

मी बघितल्या. नव्या होडीचा विचार आमच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून मासेमारीतून निघालेल्या जुन्या होड्या शोधल्या. खूप पाहिल्यावर दोन उरल्या. एक अठरा फुटी, पाच फूट रुंद, फायबरची, मागे पेट्रोलवर चालणारं लहान आउटबोर्ड मशीन. मालक म्हणाला एक लाख साठ हजार. दुसरी अठ्ठावीस फुटी, आठ फूट रुंद, आत डिझेलचं मशीन, मध्ये बर्फाचा आणि मासळीचा खण, वर तांडेलाला उभं राहायला छोटी केबिन. तिचे साडेचार लाख.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि पाच मिनिटांत मतदान झालं. मोठीच्या बाजूने सगळे. कारणही एकच : "सगळी मावतील." आम्ही सगळे मिळून चौदा आहोत. अम्मी धरून.

मी एकटा लहान होडीच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. चिंगूस म्हणून झालं, घाबरट म्हणून झालं. फोनवर हे भांडण नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. खाडीकाठच्या, समुद्रकाठच्या बऱ्याच घरांत हल्ली आखातातला नाहीतर मुंबईतला पैसा येतो आणि "एक होडी घेऊन टाकू" हा विचार येतो. तेव्हा हे आमच्यापुरतं नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : मोठ्या होडीत सगळी मावतात, हाच तिचा धोका आहे.

आधी १९९१ सालची बासी ईद सांगतो. एप्रिल महिना होता, मी नऊ वर्षांचा. मामू दालदी, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांपैकी. नानांच्या काळापासून घरात मासेमारी. तरीही घरातल्या बायका मासेमारीच्या होडीत कधी बसत नसत. त्या पलीकडे जायच्या त्या तरीतून. त्या वर्षी खालानं हट्ट धरला, "आम्हाला पण एकदा दर्या दाखव." मामू तयार झाला. सव्वीस फुटी लाकडी मचवा, जाळी उतरवून ठेवलेली, खण धुतलेला, वर ताडपत्रीची सावली केलेली. आम्ही एकोणीस जण चढलो. त्यांत पोरंच दहा. अम्मीच्या कडेवर माझी दोन वर्षांची बहीण.

जाताना मजा आली. दुपारनंतर खाडीच्या मुखाशी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि खारा वारा सुटला होता. पाणी बाहेर धावत होतं, वारा आत येत होता. ज्यांनी खाडीचं तोंड बघितलं आहे त्यांना ठाऊक असेल, या दोघांची टक्कर झाली की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. मामूला ते माहीत होतं. तो मचवा वळवणारच होता, इतक्यात कोणीतरी ओरडलं, "डॉल्फिन!"

एकोणीसच्या एकोणीस माणसं एका बाजूला धावली.

मचवा कलला. काठावरून पाणी आत आलं. खाला पडली, तिच्या बुरख्याचा घेर कुणाच्या तरी पायाखाली अडकला आणि तिला उठता येईना. मामू सुकाणू धरून ओरडत होता, "खाली बसा, खाली बसा!" आम्ही बसलो म्हणून मचवा परत सरळ झाला. चपला आणि खाण्याचे डबे वाहून गेले. कुणाला काही झालं नाही. अल्हमदुलिल्लाह.

परत येताना मामू एक शब्द बोलला नाही. रात्री अंगणात अब्बांना म्हणाला, "मासे असते तर हे झालं नसतं. मासे खाली निजून राहतात. माणसं उभी राहतात."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. आता दोन होड्या बघताना कळलं. मासेमारीची होडी ज्या हिशेबाने बांधतात त्यात वजन तळाशी असतं. मशीन खाली, बर्फ खाली, मासळी खाली. असं वजन पोटात असलं की होडी लाटेवर कलते आणि पुन्हा सरळ होते. तीच होडी रिकामी करून फिरायला काढली की पोट हलकं होतं आणि सगळं वजन वर येतं. कारण माणूस खणात बसत नाही, तो वरच्या फळ्यांवर बसतो, बसायचा कंटाळा आला की उभा राहतो आणि काही दिसलं की धावतो. त्यात आपण सावलीला पत्र्याचं छप्पर घालतो. वर वजन आणि वारा धरायला पत्रा. हौशीपायी होडीचा सगळा तोल आपणच उलटा करतो.

तुम्ही म्हणाल, पस्तीसेक वर्षांपूर्वीची घरगुती गोष्ट, तीही काही न होता संपलेली. मग दुसरी सांगतो. तीही याच अरबी समुद्राच्या काठची आहे आणि ती तशी संपली नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात तानूर आहे. ७ मे २०२३, रविवार, सुट्टीचे दिवस. नदी समुद्राला मिळते तिथल्या किनाऱ्यावर संध्याकाळी माणसं बोटीतून फेरी मारायला आली होती. बोट दुमजली होती आणि तिच्यात क्षमतेहून जास्त माणसं चढली होती. ती उलटली. बावीस जण गेले. निम्म्याहून जास्त लहान मुलं. त्यांतले अकरा जण एकाच कुटुंबातले होते. ती बोट मुळात मासेमारीची होती, तिच्यात बदल करून ती फेऱ्यांना लावली होती, असं नंतर बातम्यांतून आलं.

अकरा जण, एका घरातले. ही बातमी वाचली तेव्हा मी आमची चौदा डोकी मोजली होती. ते कुटुंब काही बेदरकार नव्हतं. सुट्टीत सगळी एकत्र आली होती, आणि "सगळी मिळून जाऊ" असं वाटणं हा काही गुन्हा नाही. आपल्यालाही तेच वाटतं. म्हणून तर होडी घ्यायची आहे.

आता लहान होडीचं बघू. तिचंही गुणगान मला करायचं नाही. तिचा काठ पाण्यापासून जेमतेम हातभर उंच असतो. आडवी लाट आली तर पाणी सरळ आत. खाडीच्या तोंडाबाहेर ती न्यायची नाही म्हणजे नाही. मोठी होडी समुद्रात जास्त भरवशाची, यात शंका नाही. तिथे रोज जाणारा तांडेल अठरा फुटीवर हसेल. पण आपण तांडेल नाही आणि आपल्याला समुद्रात जायचंही नाही. आपल्याला खाडीत हिंडायचं आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या पुळणीवर उतरून पोरांना तिसऱ्या काढू द्यायच्या आहेत. कांदळवनाच्या सावलीला थांबून डबा खायचा आहे. अम्मीला पलीकडच्या काठावरचं तिचं माहेर पाण्यातून बघायचं आहे. या सगळ्याला अठरा फूट पुरतात. उलट ओहोटीला जिथे मोठी रुतेल तिथे लहान आरामात जाते. अडलीच तर दोन वल्ह्यांवर घरी येते. अठ्ठावीस फुटीचं मशीन बंद पडलं तर ती वल्हवणार कोण?

राहिला माणसांचा प्रश्न. माझ्या मुलानं इंटरनेटवरून एक ठोकताळा शोधून काढला. अमेरिकेत लहान होड्यांसाठी तो सांगतात : होडीची लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, आणि भागिले पंधरा. जे उत्तर येईल तितकी माणसं, तीही पाणी शांत असेल तेव्हा. अठरा गुणिले पाच नव्वद, भागिले पंधरा, उत्तर सहा. मग त्यानं उत्साहात मोठीचंही गणित केलं. अठ्ठावीस गुणिले आठ दोनशे चोवीस, भागिले पंधरा, जवळजवळ पंधरा. "पप्पा, आपण चौदा! बसतंय!" ग्रुपवर टाळ्या पडल्या.

पण तो ठोकताळा वीस फुटांपर्यंतच्या होड्यांसाठीच आहे, हे त्यानं अर्धंच वाचलं होतं. मोठ्या होडीत किती माणसं चालतील हे तिची बांधणी, मशीनचं वजन, खण भरला आहे की रिकामा, वर छप्पर आहे का, यावर ठरतं. ते तपासणाऱ्यानं ठरवायचं असतं, ग्रुपवर नाही. दुसरं असं की मासेमारीचा परवाना म्हणजे माणसं फिरवण्याचा परवाना नव्हे. होडी विकत घेतली की नाव बदलून घ्यायला मत्स्य विभागात जावं लागतं. ती फक्त फिरायलाच वापरायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणीचं आणि तपासणीचं विचारायचं. होडी लहान असली तरी हे चुकत नाही. "घरच्याच माणसांना तर फिरवायचंय" हे उत्तर पाण्याला कळत नाही आणि विम्यालाही.

आता पैशाचं. भाईजानला वाटतं मी त्याचे पैसे वाचवतो आहे. तसं नाही, मी पुढच्या एका मोहाची वाट बंद करतो आहे. साडेचार लाखांची होडी घेतली की गोष्ट तिथे थांबत नाही. तिला चालवायला जाणता माणूस लागतो आणि जोडीला एक खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याच्या आधी सगळ्या होड्या वर काढतात. लहान होडी गावातले आठ-दहा जण ओंडक्यांवरून ओढून घेतात, चहा आणि भजी यांवर काम होतं. मोठीला मजूर, दोर, कधी क्रेन. मग तळ खरवडणं, रंग, मशीनची दुरुस्ती. आणि वापर किती? भाईजान वर्षातून एक महिना येतो. आम्ही मुंबईवाले ईदला आणि मे महिन्यात. बाकी दहा महिने होडी खुंटाला बांधलेली. उभी होडी चालत्या होडीपेक्षा लवकर खराब होते, हे कुणीही नाखवा सांगेल.

मग दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणणार, "नुसती पडून आहे. पर्यटक येतात, डॉल्फिन दाखवायला फेऱ्या मारू. खर्च तरी निघेल." तिसऱ्या वर्षी वर पत्रा चढणार, बाकं ठोकली जाणार, बारा माणसांत भागत नाही म्हणून अठरा बसवली जाणार. मासेमारीची होडी फेऱ्यांची बोट होते ती अशी, एका दिवसात नव्हे. त्यात कुणी राक्षस नसतो. खर्च काढायला बघणारी आपल्यासारखीच माणसं असतात. लहान होडीला हा मोह होत नाही, कारण तिचा खर्च आपल्याच खिशातून निघतो.

लहानीच्या विरुद्ध एक मुद्दा मात्र खरोखरच वजनदार आहे, आणि तो माझ्या बायकोनं काढला. ती म्हणाली, "सहाचीच होडी घेतली तर आठ जण काठावर राहणार. ते आठ कोण असतील ते मी आत्ताच सांगते. आधी पुरुष जातील, मग पोरं जातील, मग ऊन वर येईल, वारा सुटेल आणि तुम्ही म्हणाल आता उशीर झाला. आम्ही काठावर बिर्याणी गरम करत बसू."

यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण ती खरं बोलत होती. १९९१ नंतर आमच्या घरातल्या बायका कधी होडीत बसल्याच नाहीत. मामूनं नाही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. "बायकामुलांना घेऊन नको बाबा" असं आपोआप ठरून गेलं. एकोणीस माणसं चढवली पुरुषांनी आणि उतरवल्या गेल्या बायका. चूक गर्दीची होती, शिक्षा त्यांना झाली.

तेव्हा लहान होडी घ्यायची तर तिच्याबरोबर घरचा कायदाही बदलायला हवा. पहिली फेरी बायकांची. सकाळची, वारा पडलेला असतानाची, पाणी आरशासारखं असतानाची. पुरुषांनी तोवर चूल सांभाळायची. उशीर झालाच तर काठावर आम्ही राहू. हे मी ग्रुपवर लिहून टाकलं आहे, आता मागे घेता येणार नाही.

याच्याच पोटातली आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्या खाडीकाठच्या गावांत मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की आपोआप पोहायला शिकतात. मुली पाण्यापासून पन्नास पावलांवर वाढतात आणि त्यांना पोहता येत नाही. माझ्या बहिणीला येत नाही, माझ्या मुलीला येत नाही. पडद्याचं कारण पुढे करू नये. गावातल्याच बायकांनी मुलींना सकाळी आडोशाच्या जागी कंबरभर पाण्यात शिकवायला कुठला पडदा आड येतो? आपण ठरवलं नाही, इतकंच. यंदा मे महिन्यात आमच्या घरातल्या पाच मुलींपासून सुरुवात करायची आहे. शिकवणारी मिळाली आहे. अटही तिनंच घातली, की त्यांच्या आयांनीही पाण्यात उतरायचं.

आणि लाइफ जॅकेट. होडीत जितकी माणसं तितकी जॅकेटं, मुलांची मुलांच्या मापाची, आणि ती अंगावर. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट उशी म्हणून बरं, बुडताना उपयोगाचं नाही. बुरखा किंवा साडी असेल तर जॅकेट सगळ्याच्या वरून घालायचं, आतून नाही. घोळ पायात येणार नाही असा आवरून घ्यायचा. भिजलेलं कापड माणसाला कसं खाली ओढतं हे खालाला विचारा. आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कल करायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. होडीत चढताना दुआ सगळेच पढतात. उंट बांधणारे कमी दिसतात.

शेवटी, जुनी होडी बघायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण फसगत इथेच होते. रंग बघू नका, नवा रंग जुनी भेग झाकतो. फायबरवर बोटाच्या पेराने किंवा नाण्याने ठोकत जा. सगळीकडे एकसारखा टणक आवाज यायला हवा, मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आत पाणी शिरलं आहे किंवा थर सुटले आहेत. मशीन ज्या मागच्या फळीवर टांगतात ती दोन्ही हातांनी हलवून बघा. बऱ्याच होड्यांत फायबरच्या आत लाकूड असतं आणि ते कुजलेलं बाहेरून दिसत नाही. मी बघितलेल्या लहान होडीची हीच फळी मऊ निघाली. मालकानं ती बदलून द्यायचं कबूल केलं आहे, तोवर पैसे दिलेले नाहीत. नाळेतले बंद कप्पे खरंच बंद आहेत का, त्यांत पाणी साठलं आहे का, तेही उघडून बघा. होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवतात ते हे कप्पे. आणि मशीन मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. थंड मशीन किती ओढीत सुरू होतं ते बघा.

भाईजान अजून रागावलेला आहे. त्याचं दुःख मला कळतं. तो अकरा महिने परक्या मुलखात काढतो आणि एका महिन्यात सगळी माणसं एका ठिकाणी, एका नजरेत बघायची असतात त्याला. चौदाच्या चौदा. तो होडी नाही मागत, तो ती एक नजर मागतो आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की ती नजर पुळणीवर मिळेल. तीन फेऱ्यांत सगळी पलीकडे पोचतील, दस्तरखान वाळूवर पडेल, तेव्हा मोज.

गेल्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा अम्मीला दोन्ही फोटो दाखवले. ती एकाहत्तर वर्षांची आहे. मचव्यातल्या त्या दुपारनंतर ती एकदाही होडीत बसलेली नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोटीत गाडीच्या आत बसून जाते. मोठ्या होडीचा फोटो तिनं बराच वेळ बघितला आणि परत दिला. लहानीचा हातात धरून विचारलं, "यात उभं राहता येतं का?"

म्हटलं, "नाही अम्मी. यात बसूनच राहावं लागतं."

"मग ही घे," ती म्हणाली.

मागची फळी बदलून झाली, कागद नावावर झाले आणि सहा जॅकेटं घरात आली, की पहिली फेरी अम्मीची. भरतीची वेळ बघून, सकाळी लवकर, पलीकडच्या काठाने तिच्या माहेरापर्यंत. होडीत पाचच माणसं असतील. सहावी जागा मी मुद्दाम रिकामी ठेवणार आहे.